सोळा जणांचा ‘घाशीराम’

1976 साली तयार झालेल्या ‘घाशीराम कोतवाल’ या मराठी चित्रपटाला दिग्दर्शक म्हणून चार नावे आहेत, आणि छायाचित्रणकार म्हणूनही चारच. निर्माता म्हणून कुणा शेटजींचे नाव नाही. तिथे ‘युक्त फिल्म को-ऑपरेटिव्ह सोसायटी’ असे लिहिलेले आहे. साखर कारखाने, दूध संघ आणि पतपेढ्या यांच्यासाठी महाराष्ट्राने धरलेली सहकाराची वाट पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून शिकून निघालेल्या सोळा तरुणांनी चित्रपटासाठी धरली. चित्रपट कोणता, तर सत्तेचा नंगा नाच दाखवणारा. काळ कोणता, तर आणीबाणीचा. मराठी चित्रपटाच्या इतिहासात या घटनेला मिळायला हवी तेवढी जागा कधीच मिळाली नाही. ती मिळायला हवी असे मला मनापासून वाटते, म्हणून ही हकिगत मुळापासून सांगतो.

मूळ आहे 1791 सालच्या पुण्यात. पेशवे सवाई माधवराव तेव्हा कोवळ्या वयाचे होते आणि कारभाराच्या दोऱ्या नाना फडणवीसांच्या हाती होत्या. शहराची कोतवाली घाशीराम सावळदास या उत्तर हिंदुस्थानी ब्राह्मणाकडे होती. कोतवाल म्हणजे आजच्या पोलीस आयुक्तापेक्षा बराच मोठा अधिकारी. रात्रीची गस्त, बाजार, तंटे, दंड आणि शहरात येणाऱ्या-जाणाऱ्यांवरची नजर हे सगळे त्याच्या अखत्यारीत येई. श्रावणातल्या दक्षिणेसाठी दूरदूरचे ब्राह्मण पुण्यात गोळा होत. त्या वर्षी अशा तेलंगी ब्राह्मणांचा एक गट चोरीच्या संशयावरून एका अरुंद जागेत कोंडला गेला आणि त्यांतले वीसहून अधिक जण गुदमरून मेले. शहर खवळले. जमाव न्याय मागू लागला तेव्हा नानांनी आपला कोतवाल जमावाच्या हवाली केला. ऑगस्टच्या अखेरीस पुणेकरांनी त्याला धिंड काढून दगडांनी ठेचून मारले.

लोकांच्या आठवणीने ही गोष्ट जपली ती मुख्यतः घाशीरामाच्या क्रौर्याची म्हणून. 1863 मध्ये मोरोबा कान्होबा यांचे ‘घाशीराम कोतवाल’ हे पुस्तक निघाले आणि मराठी गद्याच्या आरंभीच्या काळातच हे नाव छापील झाले. ज्याने त्याला नेमले आणि वर्षानुवर्षे त्या जागेवर ठेवले त्या कारभाऱ्याबद्दल फारसे कुणी विचारले नाही. नाना 1800 साली वारले. पुढच्या तीनच वर्षांत, 31 डिसेंबर 1802 रोजी, दुसऱ्या बाजीरावाने वसईत इंग्रजांशी तह केला आणि पेशवाईचे स्वातंत्र्य संपले. चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये जिंकलेला वसईचा किल्ला उमेळे, नायगाव, पापडी या आसपासच्या गावांतल्या लोकांना जवळचा. पेशवाईचा मोठा विजय आणि तिची शरणागती या दोन्ही गोष्टी वसईच्या याच पट्ट्यात घडल्या. त्या दोन टोकांच्या मध्ये पुण्याच्या कारभारात काय बिघडत गेले, हे विचारणाऱ्याला घाशीरामाची गोष्ट टाळता येत नाही.

विजय तेंडुलकरांनी ती 1972 मध्ये हाती घेतली. छापील नाटकाच्या सुरुवातीलाच त्यांनी स्पष्ट केले की हे ऐतिहासिक नाटक नव्हे. घाशीराम ज्यांतून निपजतात त्या सामाजिक आणि राजकीय शक्तींना काळाचे आणि स्थळाचे कुंपण नसते. त्यांच्या नाटकातला घाशीराम पुण्यात अपमानित होतो, चोरीचा खोटा आळ सोसतो आणि सूड घ्यायचा ठरवतो. त्यासाठी तो आपली मुलगी गौरी नानांच्या वासनेपुढे ठेवतो आणि बदल्यात कोतवाली मिळवतो. पुढे तो शहरावर जुलूम करतो, मुलगी मरते, आणि अखेरीस नाना त्याला सहज हातावेगळा करतात. नाटकातला खरा धनी पहिल्यापासून शेवटपर्यंत नानाच आहे. तेंडुलकरांचा उपहास इथे सगळ्यात धारदार होतो, कारण कोतवाल मेल्यावर लोक आनंदाने नाचतात आणि ज्याने तो निर्माण केला तोही त्यांच्यातच नाचतो.

पहिला प्रयोग 16 डिसेंबर 1972 रोजी पुण्यात भरत नाट्य मंदिरात झाला. संस्था प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन, म्हणजे पीडीए. दिग्दर्शक डॉ. जब्बार पटेल, संगीत भास्कर चंदावरकरांचे, नृत्ये कृष्णदेव मुळगुंदांची. नाना झाले डॉ. मोहन आगाशे आणि घाशीराम झाले रमेश टिळेकर. ही मंडळी पोटासाठी नाटक करणारी नव्हती. जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ, आगाशे मानसोपचारतज्ज्ञ, त्यांच्यासोबतचे सतीश आळेकर जीवरसायनशास्त्राचे. दिवसा दवाखाना किंवा प्रयोगशाळा आणि संध्याकाळी तालीम, असा त्यांचा क्रम होता.

नाटकावर वादळ उठले. नानांची बदनामी झाली, ब्राह्मणांची टिंगल झाली, असे आक्षेप आले. 19 प्रयोगांनंतर पीडीएने नाटक थांबवले. तरुण मंडळी संस्थेतून बाहेर पडली आणि 27 मार्च 1973 रोजी त्यांनी थिएटर अकॅडमी स्थापन केली. 1974 च्या जानेवारीत ‘घाशीराम’ पुन्हा उभे राहिले आणि मग शेकडो प्रयोग झाले.

आता पुण्याच्या दुसऱ्या कोपऱ्यात जाऊ. लॉ कॉलेज रस्त्यालगत जिथे एकेकाळी प्रभात फिल्म कंपनीचे स्टुडिओ होते, तिथे 1960 पासून सरकारी फिल्म इन्स्टिट्यूट चालत होती आणि 1964 पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयही पुण्यात होते. या दोन संस्थांमुळे पुण्यातल्या विद्यार्थ्याला त्या काळी जगभरचे चित्रपट पाहता येत. साठच्या दशकाच्या मध्यावर ऋत्विक घटक इथे शिकवून गेले आणि मणी कौल हे त्यांचे विद्यार्थी. कौलांनी ‘उसकी रोटी’, ‘आषाढ का एक दिन’ आणि ‘दुविधा’ करून हिंदी चित्रपटाला न मानवणारी एक संथ, कठोर शैली रुजवली होती. चंदावरकर इन्स्टिट्यूटमध्ये संगीत शिकवत. म्हणजे एकीकडे ‘घाशीराम’चे संगीतकार आणि दुसरीकडे या भावी चित्रपटकारांचे शिक्षक, अशा दोन्ही नात्यांनी ते या दोन जगांच्या मधोमध उभे होते. शहर एकच, आणि थोडेफार प्रेक्षकही तेच.

इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडणाऱ्या मुलांपुढे मात्र पैशाचा प्रश्न भिंतीसारखा उभा होता. मुंबईचा निर्माता त्यांना दारात उभे करत नव्हता. फिल्म फायनान्स कॉर्पोरेशन या सरकारी महामंडळाने 1969 मध्ये मृणाल सेन यांच्या ‘भुवन शोम’ला पैसा दिल्यापासून थोडी आशा होती. पण 1976 मध्ये संसदेच्या सार्वजनिक उपक्रम समितीने महामंडळाच्या या धोरणावर कडक टीका केली. कलात्मक म्हणवणाऱ्या चित्रपटांत सरकारी पैसा अडकतो आणि परत येत नाही, असा तिचा रोख होता. सरकारी दार किलकिले झाले होते तेही लागायला आले.

अशा वेळी ‘युक्त’ची कल्पना पुढे आली. सोळा जण सभासद झाले आणि राष्ट्रीयीकृत बँकेकडून कर्ज घेतले. बँकांचे राष्ट्रीयीकरण होऊन तेव्हा सातच वर्षे झाली होती, आणि लहान उद्योजकाला, शेतकऱ्याला, सहकारी संस्थेला कर्ज द्यावे ही सरकारची घोषित भूमिका होती. त्या धोरणाचा आधार चित्रपट करणाऱ्यांनी घ्यावा, हे मला त्या संपूर्ण दशकातले एक अत्यंत कल्पक पाऊल वाटते. ज्यांच्याकडे भांडवल म्हणून केवळ शिक्षण होते त्यांनी एकत्र येऊन ते शिक्षण तारण ठेवले, असेच म्हणावे लागेल.

दिग्दर्शनात के. हरिहरन, मणी कौल, सईद मिर्झा आणि कमल स्वरूप यांची नावे आहेत. कॅमेऱ्यामागे बिनोद प्रधान, राजेश जोशी, मनमोहन सिंग आणि वीरेंद्र सैनी. हरिहरन तमिळ, कौल जोधपूरचे, मिर्झा मुंबईचे आणि ‘नया दौर’ लिहिणाऱ्या अख्तर मिर्झांचे चिरंजीव, स्वरूप अजमेरात वाढलेले. मराठी ही या चार दिग्दर्शकांपैकी कुणाचीच घरची भाषा नव्हती. तरीही त्यांनी आपला पहिला सामुदायिक चित्रपट मराठीत करायचा ठरवला. हिंदीत केला असता तर बाजार मोठा मिळाला असता. पण त्यांना हवे होते ते पुणे, ती पेशवाई, कीर्तनापासून लावणीपर्यंत एका दमात जाणारी ती भाषा आणि ती अंगात मुरलेले थिएटर अकॅडमीचे नट. हे सारे मराठीबाहेर नेले असते तर गोष्टीचा जीवच गेला असता. पटकथा स्वतः तेंडुलकरांनी लिहिली. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’, ‘सामना’ आणि ‘निशांत’ यांच्यामुळे चित्रपटाचे लेखन त्यांच्या हातचे झाले होते. संगीत चंदावरकरांचेच राहिले आणि नाना आगाशेच झाले.

घाशीराम मात्र बदलला. रंगमंचावरच्या टिळेकरांऐवजी पडद्यावर आला अंबाल्याचा एक तरुण, दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयातून शिकून पुण्याच्या इन्स्टिट्यूटमध्ये अभिनय शिकायला आलेला ओम पुरी. त्याच्या अगदी सुरुवातीच्या चित्रपटांपैकी हा एक. पुण्याने ज्याला कधी आपले मानले नाही अशा परक्या माणसाची भूमिका खरोखरच बाहेरून आलेल्या नटाकडे गेली. देवीचे व्रण असलेला, सिनेमाच्या नायकाच्या कोणत्याच साच्यात न बसणारा तो चेहरा पुढे साऱ्या देशाने ओळखला, पण सुरुवातीच्या दिवसांत तो मराठी पडद्यावर होता हे आज किती मराठी प्रेक्षकांना ठाऊक आहे?

चित्रपट करणाऱ्यांपुढचा सगळ्यात अवघड प्रश्न पैशाचा नव्हता. तो नाटकातल्या माणसांच्या भिंतीचा होता. रंगमंचावर बारा ब्राह्मणांची एक रांग डोलत, गात उभी असते. तीच पडदा होते, तीच वाडा होते, तीच गर्दी होते. प्रेक्षकांकडे पाठ फिरवली की मागे काय चालले आहे ते झाकते आणि झाकता झाकता सांगूनही टाकते. नाटकाचा सारा उपहास या भिंतीत आहे, कारण समाज पापाला आडोसाही देतो आणि त्यावर भजनही म्हणतो. पण ही युक्ती चालते ती प्रेक्षक एकाच बाजूला, एकाच अंतरावर खुर्चीत बसलेला असतो म्हणून. कॅमेरा खुर्चीत बसत नाही. तो भिंतीच्या मागे जाऊ शकतो, आणि गेला की भिंत संपते; उरतात ते बारा नट. शिवाय पडद्यावर खरा वाडा, खरा घाट, खरे आभाळ दिसू लागले की माणसांनी वाडा व्हायची गरजच उरत नाही.

म्हणून नाटक जसेच्या तसे चित्रित करून ठेवणे या मंडळींनी कटाक्षाने टाळले. लांब, न कापलेली दृश्ये आणि त्यांतून फिरणारे माणसांचे समूह ही त्यांनी निवडलेली वाट होती. हंगेरीचा दिग्दर्शक मिक्लोश यांचो याचा प्रभाव त्यामागे होता. ‘रेड साम’ या चित्रपटासाठी 1972 मध्ये कान महोत्सवात यांचोला दिग्दर्शनाचे पारितोषिक मिळाले होते. त्यात शेतकरी, सैनिक आणि नाचगाणी यांचे घोळके कॅमेऱ्याभोवती आणि कॅमेरा त्यांच्याभोवती सतत फिरत राहतो. हे करणे किती कठीण होते ते आजच्या डिजिटल काळात चटकन ध्यानात येणार नाही. त्या वेळी 35 मिमीच्या कॅमेऱ्यात एका वेळी हजार फूट फिल्म बसे आणि ती साधारण अकरा मिनिटांत संपे. एवढ्या अवधीत एक जरी पाय चुकला, एक जरी ओळ अडखळली, तरी सगळे रीळ वाया जाई. वर्षानुवर्षे एकत्र प्रयोग केलेला, एकमेकांचा श्वास ओळखणारा नटसंच हाती असेल तरच अशा दृश्याचा घाट घालावा. थिएटर अकॅडमीच्या सहभागाचे मोल इथे कळते.

चार दिग्दर्शक, सोळा सभासद, मग शेवटचा शब्द कुणाचा? माझ्या मते चित्रपटाची ताकद आणि त्याचा दुबळेपणा दोन्ही याच प्रश्नात आहेत. त्यात कौलांची तटस्थ, थांबलेली नजर आहे आणि राजकारण थेट मांडण्याची ओढही आहे, आणि या दोन गोष्टी नेहमीच एकजीव होत नाहीत. नाटक प्रेक्षकाला गाण्या-नाचाने गुंगवते आणि गुंगवता गुंगवता गुन्ह्यात सामील करून घेते. चित्रपट त्याला दूर उभा करून पाहायला लावतो. नाटक पाहिलेल्या माणसाला तो कोरडा वाटू शकतो. पण हा कोरडेपणा विचारपूर्वक पत्करलेला होता, आणि विशीतिशीतल्या मुलांनी तो धाडसाने पेलला याचा मला आदर वाटतो.

मग काळ. 25 जून 1975 च्या रात्री आणीबाणी जाहीर झाली आणि 21 मार्च 1977 पर्यंत राहिली. वर्तमानपत्रांवर नियंत्रण होते, विरोधी नेते तुरुंगात होते. 1972 मध्ये तेंडुलकरांनी नाटक लिहिले तेव्हा समीक्षकांनी त्यात मुंबईतल्या तत्कालीन राजकारणाची छाया पाहिली होती. सत्ताधारी आपल्या सोयीसाठी एखादी आक्रमक शक्ती वाढू देतात आणि मग ती त्यांनाही आवरत नाही, असे ते वाचन होते. 1976 मध्ये तीच गोष्ट दिल्लीकडे पाहून वाचली गेली. रात्री रस्त्यावर निघायला परवाना मागणारा कोतवाल, संशयावरून होणारी कोंडी आणि कोणत्याच गोष्टीचा दोष अंगाला लागू न देणारा कारभारी हे सगळे पेशवाईच्या पोशाखात होते, आणि प्रेक्षकाला आपले वर्ष ओळखायला त्या पोशाखाची अडचण झाली नाही.

जगात इतरत्रही याच सुमारास तरुण दिग्दर्शक अशीच धडपड करत होते. जपानमध्ये 1961 साली स्थापन झालेल्या आर्ट थिएटर गिल्डने साठच्या दशकाच्या अखेरीपासून दिग्दर्शकांच्या छोट्या संस्थांशी निम्मा-निम्मा खर्च वाटून चित्रपट काढायला सुरुवात केली. अंदाजपत्रक सुमारे एक कोटी येन, म्हणजे तिथल्या स्टुडिओंच्या मानाने अगदी तुटपुंजे. नागिसा ओशिमाचा 1968 चा ‘डेथ बाय हँगिंग’ त्यातूनच आला. त्यात फाशी दिलेला एक कोरियन तरुण मरतच नाही, त्याची स्मृती तेवढी जाते, आणि त्याला त्याचा गुन्हा आठवावा म्हणून तुरुंगाचे अधिकारी स्वतःच तो गुन्हा नाटकासारखा करून दाखवू लागतात. अशक्य घटना गृहीत धरून राज्यसंस्थेला उघडे पाडणारा हा जपानी उपहास आणि पेशवाईचा तमाशा मांडणारा पुण्याचा उपहास यांच्यात जवळचे नाते आहे. दोन्हीकडे अधिकारी माणसेच नट होतात. फरक असा की जपानी दिग्दर्शकांच्या पाठीशी स्वतःची चित्रगृहे असलेली संस्था होती. ‘युक्त’ने चित्रपट तयार केला, पण तो दाखवायला त्यांच्याजवळ एकही पडदा नव्हता.

त्यामुळे व्हायचे तेच झाले. ‘घाशीराम कोतवाल’ महोत्सवांत, फिल्म सोसायट्यांत दिसला. नेहमीच्या चित्रगृहांत तो फारसा पोचलाच नाही. नाटकाचे भाग्य वेगळे निघाले. 1980 मध्ये थिएटर अकॅडमीला युरोपचे निमंत्रण आले. परदेशात मराठी इतिहासाची बदनामी होईल म्हणून पुन्हा विरोध झाला, प्रकरण न्यायालयात गेले आणि प्रयोगाआधी खुलाशाचे निवेदन वाचण्याच्या तडजोडीवर दौरा पार पडला. नाटकाची कीर्ती वाढत गेली तसतसा चित्रपट विस्मरणात गेला. लोक ‘घाशीराम’ म्हणत आणि त्यांना रंगमंचच आठवे.

सहकाराचा प्रयोगही फार टिकला नाही. ‘युक्त’च्या नावावर 1978 मध्ये सईद मिर्झांचा ‘अरविंद देसाई की अजीब दास्तान’ हा हिंदी चित्रपट आला, आणि मग जो तो आपापल्या वाटेने गेला. पण त्या वाटा पाहिल्या की त्या एका चित्रपटात काय शिजत होते याचा अंदाज येतो. हरिहरन यांनी 1982 मध्ये तमिळमध्ये ‘एळावदु मनिदन’ केला. बिनोद प्रधान यांनी 1983 मध्ये ‘जाने भी दो यारों’ चित्रित केला, आणि त्यात ओम पुरी मद्यधुंद बिल्डर आहुजा होऊन आला. भ्रष्टाचारावरचा हिंदीतला सर्वांत गाजलेला उपहास तो. मनमोहन सिंग यांनी ‘चांदनी’ आणि ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’चे झगझगीत जग कॅमेऱ्यात पकडले. वीरेंद्र सैनी यांना मिर्झांच्याच ‘सलीम लंगडे पे मत रो’साठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. कमल स्वरूप यांचा 1988 चा ‘ओम दर-ब-दर’ तर विज्ञान, पुराण, जाहिरात आणि स्वप्न यांची अशी काही मिसळण होता की त्याला चित्रगृह मिळायला 2014 साल उजाडले. आगाशे 1997 मध्ये फिल्म इन्स्टिट्यूटचे संचालक झाले. मराठीत या प्रवाहाला जवळचा ठरला तो जब्बार पटेल आणि तेंडुलकर यांचा 1979 चा ‘सिंहासन’. तिथे पेशवाईचा आडोसाही उरला नाही. मंत्रालयच पडद्यावर आले.

चित्रपट स्वतः वाचला तो बर्लिनमुळे. तिथल्या आर्सेनल या संस्थेच्या संग्रहात त्याची एक प्रत राहिली होती. तिच्यावरून तो डिजिटल रूपात पुन्हा उभा करण्यात आला आणि जवळजवळ चार दशकांनंतर नव्या पिढीला नीट पाहता येऊ लागला. परदेशातल्या त्या माणसांनी ही जबाबदारी घेतली याबद्दल कृतज्ञता वाटते. आणि आपल्याकडच्या शेकडो वाचनालयांना, नाट्यसंस्थांना आणि महाविद्यालयांना इतक्या वर्षांत त्याची आठवण झाली नाही याचे वाईटही वाटते. तेंडुलकर, चंदावरकर, कौल, ओम पुरी आज नाहीत. पण त्या सोळांपैकी आणि त्या नटसंचापैकी कितीतरी जण पुढे शिक्षक झाले, त्यांचे विद्यार्थी आहेत, आणि साऱ्या कामाची आठवण अजून माणसांच्या तोंडून ऐकता येते. ती आजच नोंदवायला हवी. ‘घाशीराम’चा प्रयोग करणाऱ्या प्रत्येक नव्या संघाने तालमीच्या आधी एक संध्याकाळ हा चित्रपटही दाखवावा, आणि संहिता हाताशी ठेवून पाहावे की रंगमंचावरची ती बारा जणांची भिंत कॅमेऱ्यासमोर कुठे टिकली आणि कुठे मोडून पडली.